मलिद्याचे पोहे

आई, मी मास्टर्स करतेय. एक्स्पीरिएन्शियल ज्युइश एज्युकेशन. म्हणजे ज्यू मुलांना धर्म पुस्तकातून नाही, हातानं करायला लावून शिकवायचा. डिग्री अमेरिकेतली, आणि मी इथं आखातात, हूऱ्यातल्या आपल्याच फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर. ॲडमिशन मिळाली तेव्हा घरभर नाचले होते. आता प्रॅक्टिकलमध्ये अडकलेय, आणि तुला जाऊन सतरा वर्षं झाली तरी खरं सांगते, मला तुझाच राग येतोय.

प्रॅक्टिकलला मी आपला मलिदा घेतला. आमच्या मॅडमनी कधी ऐकलाच नव्हता. "अरबी डिश आहे का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. काही चांगलं झालं की एलियाहू नबीचं नाव घेऊन गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट करतो. आपल्याकडे चांगलं म्हणजे काय, तर पप्पांचा व्हिसा रिन्यू झाला. त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या शिफ्टवरून येऊन युनिफॉर्मवरच नारळ फोडायला बसायचीस.

तर पाच मुलं बोलावली. बावीस स्लाइड्स केल्या. एलियाहू कोण, कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज कसं फुटलं, कुठल्या फळाचा काय अर्थ. एक सहा वर्षांची मुलगी सारखी विचारतेय, "टीचर, खायचं कधी?" आणि खायची वेळ आली तोवर पोह्यांचा लगदा झालेला. तिनं बोट घालून बघितलं. "खलास. धिस इज ग्लू." बाकीचे हसले, मी पण हसले, वरवर. मॅडमनी व्हिडिओ बघून लिहिलं, तुम्ही सगळा वेळ बोलत होता, मुलांच्या हातांना कामच नव्हतं. रविवारी परत करा. आता नाही जमलं तर सेमिस्टर गेलं.

राग याचा, की तू कधी काही समजावलंच नाहीस. मी दहा वर्षांची, विचारलं, "व्हाय फाइव्ह फ्रूट्स?" तर खवणीवरून मान वर न करता तू, "प्रश्न नंतर. इकडे ये, बघ." सगळ्याला तेच. बघ. माप नाही, मिनिटं नाहीत. मॅडमच्या फॉर्ममध्ये 'स्टेप्स'चा रकाना आहे, त्यात मी काय लिहू?

काल खालच्या दुकानात गेले. रत्नागिरीचे चाचा अजून आहेत. मी पातळ पोहे उचलले तर म्हणाले, "हे कशाला? तुझी आई जाडेच न्यायची. भिजत नाही घालायची, नुसते धुवून चाळणीत ठेवायची. माझ्या बायकोला तिनंच शिकवलंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तू घरातच होतीस ना गं?"

"होते," म्हटलं आणि जाडे पोहे घेऊन वर आले.

मॅडमनी अजून एक मागितलंय. तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांना पत्र लिहा आणि अपलोड करा. हेच ते. पण हे नाही देणार, दुसरं लिहीन, तुझं कौतुक असलेलं. कारण चाचांना म्हटलं ते अर्धंच खरं होतं. तू 'बघ' म्हणायचीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी असायचे. पण तिथून हॉलमधला टीव्ही दिसायचा, आणि मी कार्टून बघत असायचे.