इस्त्रीवालीचा अहवाल

४ मार्च

आज इस्त्रीवालीला भेटले. गुन्हा शाबीत झालाय, शिक्षा ठरायची आहे. मधल्या दहा दिवसांत प्रोबेशन अधिकारी म्हणून माझा अहवाल जायला हवा — बाई कशी आहे, घरी कोण, सोडलं तर पुन्हा असं करेल का. कोर्टाला पटलं तर हमीपत्रावर घरी. नाहीतर तुरुंग.

इस्पितळाच्या धुलाईघरात चौदा वर्षं चादरींना इस्त्री केली हिनं. धाकट्या बहिणीचा हात तिथल्याच गरम रोलरमध्ये गेला. मुकादमानं लिहून दिलं, ‘तिचाच निष्काळजीपणा.’ बहिणीची नोकरी गेली. मग हिनं मुकादमाला जिन्याच्या टोकावर गाठलं आणि ढकललं. त्याचा गुडघा आता वाकत नाही.

मी विचारत होते, ती नुसती रडत होती. एकदाच म्हणाली, “तो पडला ना बाई, तेव्हा मला—” मीच म्हटलं, आधी पाणी प्या. मग ते राहूनच गेलं.

६ मार्च

तिच्या घरी जाऊन आले. एकच खोली, पण चादरीला एक सुरकुती नाही! धाकटी दारातच उभी. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली.

“वेणी ताईच घालायची. आता शेजारच्या काकू घालतात. पण त्या अशा ओढतात, जसं काही मुकादमाला मीच ढकललं!”

दोघी हसलो.

७ मार्च

लेकीची परीक्षा. वही घेऊन घरभर फेऱ्या.

“शिक्षेचे हेतू — जरब, परतफेड, समाजाचं रक्षण... चौथा काय गं, आई?”

“सुधारणा.”

“हां! नेमका हाच विसरते मी.”

“कार्टे, त्याच्यावर तुझ्या आईचं पोट चालतं.”

“म्हणूनच आपण दोघी एवढ्या बारीक!”

९ मार्च

अहवाल टाइप केला. नेहमीसारखा जुनाच उघडून त्यावर नवा — आधीच्या माणसाचं खोडत जायचं, आपल्याचं भरत जायचं. ऑफिसात सगळे असंच करतात. पण हा मनापासून लिहिला. सोशिक स्वभाव, चौदा वर्षांत एक तक्रार नाही, बहिणीवर जीव. पश्चात्तापाचा रकाना तेवढा शेवटी सावकाश भरू म्हणून ठेवला. तिचे डोळे आठवून नीट लिहायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी घाई केली.

१४ मार्च

तीन वर्षं.

न्यायाधीशबाई संथपणे वाचत होत्या. गुडघा मोडावा हा हेतू नसेलही, पण जिन्याच्या टोकावर ढकललं तर काय होईल, हे आरोपीला कळत होतं. तरीही सवलतीचा विचार करता आला असता — असं म्हणून त्यांनी माझा अहवाल उचलला.

“‘आरोपीला आपल्या कृत्याचा लवमात्र पश्चात्ताप नाही.’ हे अधिकाऱ्यांचं मत आहे.”

हे मी लिहिलं नाही! जानेवारीतल्या घरफोड्याचं वाक्य ते. रकाना तसाच राहिला होता.

इस्त्रीवालीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. उठून सांगायला हवं होतं. मी बसूनच राहिले.

१५ मार्च

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.

“बाई, सही माझीपण आहे त्याच्यावर.”

“मग दोघांनी मिळून सांगू या.”

“तुम्हाला गंमत वाटतेय का?”

१७ मार्च

कोर्टात स्वतः पत्र दिलं. कारकुनानं उभ्या उभ्याच सांगितलं — दिलेला निकाल हे कोर्ट बदलत नाही. वरच्या कोर्टात अपील करा. तीस दिवस असतात, त्यातले तीन गेले.

१८ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

“पण आई, शिक्षा जे केलं त्याची ना? मग मागून वाईट वाटलं की नाही, हे कशाला बघायचं?”

एकवीस वर्षं तोच रकाना भरतेय मी.

२२ मार्च

ऑफिसकडून खुलासा मागणारी नोटीस आली. यायचीच होती.

इस्त्रीवालीचे वकील म्हणाले, चूक कबूल केल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, आशा फार नाही, पण अपील करता येईल. नोकरीचं मात्र काही खरं नाही. म्हटलं, जाऊ दे. आता फक्त तिची सही हवी.

२४ मार्च

धाकटीनं केस कापून टाकले. कानापर्यंत.

२६ मार्च

तुरुंगात गेले. तिनं अपिलाचा कागद माझ्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतला. रडली नाही. पेन परत माझ्या हातात दिलं.

“तो पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं. त्या दिवशी तेच सांगत होते, तर तुम्ही पाणी दिलंत.”

मी म्हटलं, सही तर करा.

“तुमच्या त्या अहवालात ‘पश्चात्ताप नाही’ एवढी एकच ओळ माझी होती, बाई. बाकीचं तुमचंच.”