तीन पानी बायोडेटा आणि अंबडचे साहेब

पंचवटी, नाशिक
जून १९९८

ती. उपेंद्रमामांस आल्हादचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता ताळ्यावर आली असेल. मामींनाही नमस्कार सांगावा. इकडे सगळं क्षेम आहे. जे नाही ते खाली लिहितो.

बायोडेटा एका पानाचा कर आणि त्यात फक्त स्वतःबद्दल लिही, असं तुम्ही कळवलं होतं. दुर्दैवाने ते पत्र आधी अण्णांच्या हाती पडलं. (तुमची अक्कल त्यांनी काढली, ती इथे लिहीत नाही.) रामकुंडावर आलेल्या यजमानाला अण्णा आधी गाव, मग गोत्र, मग आजोबांचं नाव विचारतात, त्याचं स्वतःचं नाव शेवटी. बायोडेटाही त्यांनी याच क्रमाने सांगितला आणि मी निमूटपणे टाइप करून आणला. खापरपणजोबांपासून सुरुवात. माझं बी. कॉम. तिसऱ्या पानाच्या तळाशी आलं, तेही सेकंड क्लास.

अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. साहेबांनी तिन्ही पानं गंभीरपणे वाचली आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" मामा, ही नोकरी मला मनापासून हवी आहे. खुर्ची, पंखा, रविवारची सुट्टी! पण घरची सवय तोंडातून बाहेर पडली. मीच त्यांना विचारलं, "आपलं गाव कोणतं?" त्यांनी सांगितलं. मग गोत्र. मग आजोबा. पणजोबांपाशी साहेब अडले. (बाहेर बाकीचे उमेदवार ताटकळत होते.) चष्मा काढून म्हणाले, "वडील गेल्या वर्षी गेले. माझ्या हातून काहीच झालं नाही हो." त्यांनी वडिलांच्या श्राद्धासाठी अमावास्येचा दिवस ठरवला, चहा पाजला आणि नोकरीबद्दल अवाक्षर न काढता मला निरोप दिला.

अण्णांनी आळीत पेढे वाटले. पोरगा नोकरी मागायला गेला आणि यजमान घेऊन आला, याचा त्यांना कोण अभिमान! मला रडू येत होतं.

तुमचा,
आल्हाद

ता. क. पत्र टाकायला निघालो तोच साहेबांचा निरोप आला. नोकरी मिळाली! मात्र अमावास्येला विधी मीच सांगावेत, अण्णांनी नव्हे, अशी त्यांची इच्छा आहे.

आणखी एक. अण्णांनी त्या दिवसासाठी नवं सोवळं आणलंय. त्यांना हे सांगायची घरात कोणाचीच छाती नाही. तुमच्यावर ते स्वतःच्या लग्नाच्या पंगतीपासून रागावलेलेच आहेत, तेव्हा तुम्हीच कळवावं.