मेहरौलीतली दुसरी कबर

बाबा, परवा रविवारी आईला मेहरौलीला नेलं होतं. मयूर विहारहून मेट्रोने, पुढे ऑटोने; माझी लेकही सोबत होती. कुतुब, लोहस्तंभ, राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर, जे तुम्ही अमरावतीहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हौसेने दाखवायचात, त्यातलं काहीच आईला नको होतं. तिला फक्त बस अड्ड्याजवळच्या उंचवट्यावरच्या त्या घुमटाशी बसायचं होतं.

दादा तापाने गेला त्या हिवाळ्यात आई बोलेनाशी झाली होती. तुम्ही ऑफिसातून यायचात तेव्हा ती ओट्याला टेकून नुसती उभी असायची, कणीक तशीच. शेजारच्या आंटी म्हणायच्या, "भाईसाहब, इन्हें कुछ दिन मायके भेज दो." तुम्ही तिला माहेरी न पाठवता मेहरौलीला नेलंत. पायरीवर रुमाल अंथरून तिला बसवलंत आणि सांगायला लागलात: बादशहाच्या दूधभावाने खून केला, म्हणून बादशहाने त्याला गच्चीवरून खाली फेकवलं. मग स्वतः जाऊन त्याच्या आईला सांगितलं. ती "बरं केलंत" एवढंच म्हणाली आणि झुरून झुरून थोड्याच दिवसांत गेली. दोघांना इथे शेजारी शेजारी पुरलं.

मला तुमचा राग आला होता. लेक गेलेल्या बाईला अशी गोष्ट कुणी सांगतं का? आईने मान वळवून घुमटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे लेकाजवळ जागा मिळाली तिला." आणि दादा गेल्यावर पहिल्यांदाच ती रडली, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मोकळी. परतताना तिने आपणहून चहा मागितला.

त्यानंतर दर हिवाळ्यात ती तिथे जायची, पायरीवर बसायची आणि आत न जाताच उठायची. मी एकदा आत धावले, तर कधी आवाज न चढवणारे तुम्ही केवढ्याने ओरडलात! "आत काही नाहीये. चल बाहेर!" मला वाटलं, वटवाघळांना घाबरलात.

परवा लेक आत जाऊन आली. आई बाहेर संत्रं सोलत होती. लेक मोबाईलवरचं वाचून माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मा, आत तर एकच कबर आहे यार. एका इंग्रज साहेबाने इथे घर केलं, तेव्हा दोन्ही हलवल्या. नंतर मुलाची परत आणली, आईची नाहीच."

"काय म्हणते गं ती?" आईने विचारलं.

"आत फार अंधार आहे म्हणते."

"असू दे," आई म्हणाली आणि लेकीच्या हातावर फोड ठेवली.

बाबा, तुम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, की नंतर कधी कळलं? आईला विचारता येणार नाही, आणि तुम्ही तर नाहीच. हा कागद तिच्या हाती पडायला नको, म्हणून आत्ताच फाडून टाकेन. एवढंच सांगते, तिच्याशी खोटं बोलताना माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा निघाला, आणि मला त्याचं बरं वाटलं.