काचेखालची यादी

गुरुवार, १९ मार्च १९९८
राजारामपुरी

बँकेच्या मॅनेजरांच्या टेबलावर, काचेखाली, पॅनेलवरच्या वकिलांची यादी असते. तिसरं नाव माझं. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याच नावावर बोट ठेवलं. "मार्चएंड हाय, वकीलसाहेब. बाकीचे दोन दिवसांत रिपोर्ट देत्यात. एप्रिलात यादी नवी टाईप होणार हाय, ध्यानात असू दे."

प्रकरण मंगळवार पेठेतल्या घराचं. घेणाऱ्याला कर्ज हवंय, त्याआधी घराची मालकी तपासून बँकेला रिपोर्ट मी द्यायचा. विकणारा म्हणतो, मालक मी एकटाच. पण वडिलांच्या मागे मिळकत पत्रिकेवर जयसिंगपूरच्या बहिणीचंही नाव लागलेलं, आणि तिची सही कुठंच नाही. टायटल क्लिअर आहे असं कसं लिहू? नाहीच लिहिलं. पण आठवडाभर मॅनेजरांचं ते बोट डोळ्यांसमोरून हलेना. उगीच ताणतोय का मी?

विकणाऱ्याला बजावलं, अक्कांना घेऊनच या. आज दोघं रजिस्टर कचेरीत आली. आता भांडण होणार, अशीच माझी समजूत. हक्कसोडपत्र वाचून दाखवलं, म्हटलं, "अक्का, सही केली की घरावर हक्क राहणार नाही. मग राग धरू नका."

"ठावं हाय की. सही द्यायला मी कवा न्हाय म्हटलं? इतकी वर्सं इचारलं कुणी?"

सही करून त्यांनी पेन भावाच्या हातात दिलं. त्याला वर बघवेना.

संध्याकाळी रिपोर्ट देऊन आलो. येताना बायकोसाठी गजरा घेतला. नव्या यादीत आपलं नाव राहणार का, हे मॅनेजरांना विचारायचंच राहिलं. आत्ता लिहिताना आठवलं.