एकोणिसाव्या घरातले मामंजी

तीर्थरूप आत्यास,

कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगांनी नमस्कार. उरलेली तीन बरी झाली की पाठवीन. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू त्याच्याबद्दल एवढं लिहिलंस आणि स्वतःबद्दल इतकं कमी, की मला तो गुडघा तुझ्या घरातला कर्ता पुरुष वाटायला लागलाय. त्याला विचारलंय म्हणून सांग. इकडे सगळे खुशाल, म्हणजे जो तो आपापल्या कोपऱ्यात, कुणी रागाने तर कुणी अभिमानाने, फुगून बसलाय आणि त्याला कारण मी आहे. कशी काय, ते तू विचारशीलच (जन्मभर गणित शिकवलंस, तुला उत्तरापेक्षा पायऱ्या हव्या असतात), म्हणून पायऱ्या लिहिते.

आमच्या बटणांच्या कारखान्यात वर्षातून एकदा महिला कामगारांची जागृती करतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते. 'स्त्रीला बोलू द्या' या विषयावर ते सव्वादोन तास बोलले आणि मध्ये तीनदा आम्हीच त्यांना चहा दिला. यंदा एक चष्मेवाली पोरगी आली, पुठ्ठे, कात्र्या, खळ आणि फासे घेऊन. म्हणाली, मी काही सांगणार नाही, तुमच्या एका दिवसाचा खेळ तुम्हीच बनवा. आमच्या पॅकिंगमध्ये एक बाई आहे, तिला आम्ही तोफ म्हणतो (का, ते तिच्या शेजारी बसलं की कळतं). तोफ कडाडली, "इथे मरायला वेळ नाही आणि खेळ कसले बनवताय?" चष्मेवालीने तेच वाक्य चिठ्ठीवर उतरवून पुठ्ठ्यावर आखलेल्या पहिल्या घरात चिकटवलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतल्याचा तोफेच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. ती कात्री घेऊन बसली.

अंथरुणातून उठण्यापासून पाठ टेकेपर्यंत साठ घरं केली. नवरा, सून, सासू, मुलगी, शेजारीण अशा चिठ्ठ्या. जिला जी निघेल ती तिने व्हायचं, आणि काही घरांत थांबलं की वेगळ्या ढिगातली प्रसंगाची चिठ्ठी उचलायची. एकोणिसावं घर स्वयंपाकघराचं. तिथला नियम तोफेने रागारागात लिहिला: कुणालाही एक पडला की त्याने 'अगं, ऐकतेस का?' अशी हाक मारायची आणि सुनेने असेल तिथून उठून एकोणिसात यायचं. खेळून पाहिलं. नवरा सात मिनिटांत साठाव्या घरात पोचला आणि 'आता मी काय करू?' म्हणत जांभया द्यायला लागला. सून मी होते. तासाभराने मी एकोणिसातच. हसून हसून आमची पोटं दुखली. मग चष्मेवालीने विचारलं, हा नियम कोणी केला? आम्ही एका सुरात म्हणालो, असंच असतं. ती म्हणाली, "अहो, आत्ताच तर तुम्ही लिहिलाय. शाईसुद्धा ओली आहे." आत्या, तोफेने स्वतः उठून त्या नियमावर काट मारली.

नियम बदलायला बसलो तेव्हा खरी जुंपली. तोफेला नवऱ्याला थेट तुरुंगात टाकायचं होतं. साचे धुणारी म्हातारी म्हणाली, "टाक की. पण डबा पोचवायला तूच धावशील." (तुरुंगाची चिठ्ठी तोफेने स्वतःच फाडली. तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट.) शेवटी ठरलं, हाक आली की एकोणिसाच्या जो सगळ्यात जवळ असेल त्याने जायचं, मग तो कुणी का असेना. त्याबरोबर सगळेच त्या घरापासून लांब पळायला लागले आणि खेळाला जो रंग चढला, तो जेवणाची घंटा झाली तरी उतरेना.

आता माझं पाप सांगते. आमचा कारखाना दरवर्षी एकाला तीन महिने परगावी, मोठ्या कारखान्यात साचे बनवायचं शिकायला पाठवतो. आजवर पुरुषच गेले. सूचनाफलकावर मात्र लिहिलेलं असतं 'इच्छुकांनी अर्ज करावेत', आणि मी गेली चार वर्षं इच्छुक आहे. यंदा अर्ज भरला आणि बारा दिवस शिवणाच्या डब्यात, रिळांखाली लपवला. आमच्या घरात तिजोरीपेक्षा तीच जागा सुरक्षित. सुईदोरा लागला की सगळे मलाच हाक मारतात. तर घरी विषय काढायचं धाडस नव्हतं म्हणून मी खेळाची एक प्रत बनवली, तोफेचा जुना नियमच ठेवला, आणि प्रसंगांच्या ढिगात गुपचूप माझी एक चिठ्ठी घुसडली.

रविवारी दुपारी बसलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वजनमाप खात्यातून निवृत्त झाले तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी फासा आधी तराजूत घातला, मग पाण्यात बुडवला, आणि 'चालेल' असा शेरा मारला. मग चिठ्ठ्या उचलल्या. मामंजींना निघाली सून. सासूबाईंना नवरा. आमची अकरा वर्षांची कन्या सासू झाली (तिला नाटक करावं लागलं नाही). ह्यांना मुलगी, आणि मला शेजारीण, जिचं काम फक्त बघत राहणं.

सासूबाई आधी बुजल्या होत्या. मग त्यांना पहिला एक पडला. त्यांनी पाय स्टुलावर टाकले, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि थेट मामंजींच्या आवाजात हाक घातली, "अगं, ऐकतेस का? चहा!" आवाज इतका हुबेहूब की मामंजी दचकून खरोखरच उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डब्यांची आदळआपट ऐकू आली. मग आतून विचारणा झाली, "चहापत्ती कुठे असते?" सासूबाई वर्तमानपत्र न हलवता म्हणाल्या, "स्वतःच्या घरातलं तुला माहीत नाही?" एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकेरी हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. मामंजींनी चहा केला. तो चहा होता असं त्यांचं म्हणणं आहे.

एवढ्यात ह्यांनी माझी चिठ्ठी उचलली: 'परगावी शिकायला जायची संधी. घरातल्या प्रत्येकाची संमती मिळेपर्यंत पुढे सरकू नये.' आमचे हे गाडी शिकवतात. दुसऱ्याच्या चुकीवर आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा हा त्यांचा धंदा. इथे मात्र भडकले. "प्रत्येकाची कशाला? शिकायलाच जातेय ना पोरगी? पळून तर नाही जात!" आता नाही तर कधीच नाही, असं म्हणत मी डबा आणला आणि रिळांखालचा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी वाचला. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता, मला दिसलं. "तीन महिने?" म्हणाले. मग, "हा खेळ होता." कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात, पळून नाही जात." ते उठले आणि गाडीची हवा बघायला गेले. चार चाकांची हवा बघायला दीड तास लागला. तोवर मी एकटीच फासा टाकत बसले.

सोमवारी सकाळी अर्ज माझ्या शिवणाच्या डब्यावर ठेवलेला. 'इच्छुक'मधला दीर्घ छू लाल शाईने ऱ्हस्व केलेला. "मला हे आवडलेलं नाही," हे म्हणाले, "पण चुकीचा अर्ज पाठवू नकोस." आत्या, लग्न ठरल्यापासून हे यापेक्षा गोड काही बोलले नव्हते. अर्ज मंजूर झाला. साहेबांनी विचारलं, घरी विचारलंत ना? मी म्हटलं, हो, फासा टाकून. एक तारखेला निघते. तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद मागितलाय, तुला प्रेम.

तुझी,
परगावी निघालेली भाची

ता. क. : पत्र खरं म्हणजे यासाठी. मी आनंदाने कपड्यांच्या घड्या घालत होते, तर सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "तू शिकायला चाललीस, छान. मागे चूल कुणाच्या गळ्यात, ते कुठल्या चिठ्ठीत लिहिलंय?" उत्तर त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं. त्यांची पिशवी भरून तयार होती. त्या गुरुवारी तुझ्याकडे येत आहेत, एक महिना. तुला आधी विचारायला हवं होतं, पण त्यांनीही मला विचारलेलं नाही.

ता. क. २ : मामंजींना अजून सांगितलेलं नाही. ते चहापत्तीचा डबा चिठ्ठी लावून स्वतःच्या टेबलावर ठेवतात आणि स्वतःवर खूश आहेत. चारच दिवस राहिलेत, राहू दे खूश.

ता. क. ३ (सासूबाईंच्या अक्षरात) : विहीणबाई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. एक महिना लिहिले आहे ते चूक, तीन लिहायला हवे होते. माझ्यासाठी काही विशेष करू नका. फक्त सकाळी मला कुणी उठवू नका. मी आपणहून किती वाजता उठते हे मला अजून माहीत नाही. बघायचे आहे.