राजकुमारीचं वय

अर्जुनी मोरगाव, १० नोव्हेंबर २०२५

ती. ओमेश्वरी आत्यास रिंकूचा सा. न.

वि. वि. बाबानं मोबाईल काढून घेतला, म्हणून पत्र. आठ दिवसांपासून बाबा मला राजकुमारी, प्रिन्सेस म्हणून राहिले. धानकापणीला नेलं नाही, हात खराब होतील म्हणे. कॉलेजही बंद. पाहुणे पाहून गेले, तीस तारखेचं लग्न ठरलं. बारावीचं विचारलं तर म्हणाले, राजकुमारीले परीक्षा कायले?

आत्या, हा प्रिन्सेस शब्द आला कुठून? आणि तिला नाही म्हणता येते का? उत्तर शेजारच्या धुरपताबाईंच्या पत्त्यावर दे.

माया राहू दे.
तुझी रिंकू

मुर्री, १३ नोव्हेंबर

चि. रिंकूस अ. आ.

शब्दकोश पाहिला. प्रिन्सेस फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ लॅटिन, त्यात दोन शब्द आहेत: पहिला आणि घेणे. पहिली जागा घेतो तो प्रिन्स, त्याचं स्त्रीरूप प्रिन्सेस. आपली राजकुमारी म्हणजे राजाची मुलगी, तिची ओळख बापावरून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. नऊ मार्चला तुला अठरा पूर्ण होतील. त्याआधी तू हो म्हणालीस तरी हे लग्न लावता येत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर पाठ कर. दादा माझे फोन उचलत नाही. मी कागद जमवते आहे.

जेवत जा.
आत्या

अर्जुनी मोरगाव, १८ नोव्हेंबर

चि. ओमेश्वरीस आशीर्वाद.

धुरपताबाईकडचं तुझं पत्र सापडलं. वीज उपकेंद्रात इंजिनियर झालीस, आता माझ्या घरातही करंट सोडून राहिली काय? शाळेतली तारीख मास्तरनं अंदाजानं टाकली. पोरगी अठराची आहे. मुलाला सरकारी नोकरी आहे, असं घर पुन्हा दारात येत नाही. मी तिचा बाप आहे, दुश्मन नाही. तू अठ्ठावीसची झालीस, तुझं जमलं नाही म्हणून तिचं मोडतेस काऊन? साहेबलोक आणलेस तर माहेर संपलं समज.

नाही तर जीव आहेच तुझ्यावर.
दुर्गाप्रसाद

मुर्री, २१ नोव्हेंबर (स्पीड पोस्टाने)

ती. दादास सा. न. वि. वि.

तारीख मास्तरांनी टाकलेली नाही. पहिलीचा फॉर्म मी भरला, जन्मदाखला पाहून. खाली सही तुझी आहे. दाखल्याची प्रत जोडली आहे.

मंगळवारी, पंचवीसला, मी बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांकडे अर्ज देणार. पाठीमागे करायचं नाही, म्हणून आधी तुला कळवते. तोवर तू स्वतः मोडलंस तर अर्ज माझ्याकडेच राहील.

माहेराबद्दल लिहिलंस, ते वाचलं.

राग धर, पण पोरीवर नको.
ओमेश्वरी

अर्जुनी मोरगाव, २४ नोव्हेंबर

ओमेश्वरीबाईंना जमुना वहिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, फाडलं आणि शेतावर निघून गेले. दाखला मी उचलून ठेवला. मग धुरपताबाईच्या मोबाईलवरून मुलाच्या घरी फोन लावला. पोरगी सतराची आहे, तुमच्या पोराच्या सरकारी नोकरीचं तुम्हीच पाहा, एवढंच सांगितलं. तासाभरात त्यांचा नकार आला. ह्यांना अजून माहीत नाही. आल्यावर मीच सांगणार.

बाई, माझ्या वेळी असा फोन कोणी लावला नव्हता.

रिंकूला दुपारच्या गाडीनं पाठवत आहे. हे पत्र तिच्याच हाती आहे. परीक्षेपर्यंत ठेवून घ्या.

लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर असू द्या.
जमुना

ता. क. तिला दारात उभी ठेवून वाचत बसू नका. सकाळपासून उपाशी आहे.