ड्रॉप कर म्हणालात, ते कुणासाठी?

हॅमिल्टन, न्यूझीलंड
रविवार, दुपार

प्रिय मीनाताई,

तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये, हे मलाही कळतं. पण तुम्ही होतात तेव्हा मला भांडू कुठे दिलंत? मी तोंड उघडलं की तुम्ही चिवड्याची बशी पुढे सरकवायचात आणि सावीला दात किती आले ते विचारायचात.

सावी आत्ता झोपलीय. तेवढ्यात लिहून टाकते. या शुक्रवारी माझा स्टॅट्सचा पेपर ड्रॉप करायची शेवटची तारीख आहे. ठेवू की सोडू, हे विचारायचं कुणाला? तुम्हालाच विचारलं असतं. आणि नेमकं तुमच्या फ्युनरलला ग्रॅहम जे बोलून गेला, त्यामुळे तुम्हाला विचारण्यात तरी काय अर्थ होता, असं माझं झालंय.

ग्रॅहम म्हणजे तुमच्या पॉलिटेक्निकच्या लॅब कोर्सचा हेड. सगळं आटोपल्यावर आम्ही बाहेर चहा घेत उभे होतो. तो टाय सैल करत आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वरचे लोक दरवर्षी माझा कोर्स बंद करायला निघायचे. दरवर्षी मीना माझा वर्ग भरून द्यायची. शी वॉज अ लेजंड." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या हातात सँडविच होतं, ते तसंच राहिलं.

म्हणजे खरं होतं तर. तुम्ही सीटा भरत होतात. आणि त्यातली एक सीट मी होते.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. बाबा जन्मभर कंपनीत स्टोअरला, एक नट कमी भरला तरी रात्री झोप लागायची नाही त्यांना. मी त्यांचीच मुलगी. चिंचवडहून आले ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला, दोन हजार तीन साली. तेव्हा सगळेच कॉम्प्युटरला यायचे. पहिल्याच आठवड्यात निरोप आला की कोर्स अ‍ॅडव्हायजरला भेटून जा. दारावर पाहिलं तर मीना. जीव भांड्यात पडला, म्हटलं आपलं माणूस आहे.

आणि तुम्ही काय केलंत? इथल्या माओरी पद्धतीने "किआ ओरा, हॅव अ सीट" म्हणालात आणि इंग्रजीच सुरू. मी मुद्दाम मराठीत उत्तर दिलं तरी तुम्ही इंग्रजीतच. मला वाटलं, आपल्या माणसाला ओळख दाखवत नाही म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे. मग तुम्ही उठलात, दार लावलंत आणि एकदम मराठीत म्हणालात, "काकू म्हणू नकोस, ऑफिसात आहे मी. ताई म्हण. आता सांग, कॉम्प्युटर कुणाला हवाय? तुला की घरच्यांना?" दार लावल्यावर तर माझा संशय दुप्पट झाला. सरळ बोलायचं असेल तर दार कशाला लावायचं?

मी म्हटलं, मलाच हवाय. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. मग विचारलंत, "इथे आल्यापासून काय काय केलंस?" हा कसला प्रश्न? मी सांगितलं. टाइमटेबल माहितीपत्रकाशी ताडून पाहिलं, त्यात प्रॅक्टिकलचे तास कमी आहेत. बस ड्रायव्हरला दोनदा विचारलं की ही नक्की पॉलिटेक्निकलाच जाते ना. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध घेतलं. तारीख चांगली होती पण वास घेऊन पाहिला आणि परत केलं. तुम्ही खदखदून हसलात. मला ते अजिबात आवडलं नाही.

आणि मग तुम्ही तो शब्द उच्चारलात. "असं कर, प्रोग्रॅमिंगचा पेपर ड्रॉप कर. ग्रॅहमकडे लॅबचा कोर्स आहे, तिकडे जा. या गावात दुधाच्या कंपन्या ढिगाने आहेत. व्हिसाचं कसं करायचं ते मी बघते."

ताई, ड्रॉप?

तुम्ही दादरच्या. आपल्याकडे ड्रॉप म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ड्रॉप घेतला म्हणजे वर्ष गेलं. माझ्या आत्तेभावाने इंजिनिअरिंगला ड्रॉप घेतला तर आत्याने वर्षभर कुठल्या लग्नाला जाणं टाळलं. मी चार दिवसांपूर्वी विमानातून उतरलेली मुलगी. मला काय ठाऊक की इथे विषयालाच पेपर म्हणतात, आणि ठरावीक शुक्रवारच्या आत ड्रॉप केला तर तो विषय कधी घेतलाच नव्हता असं धरतात, कुठे डाग राहत नाही? मला एवढंच ऐकू आलं की ही बाई गोड बोलून माझं वर्ष घालवायला निघालीय. वर व्हिसाचं बघते म्हणतेय. का बघेल? माझी कोण लागते?

फोनकार्ड खरवडून बाबांना फोन लावला. म्हटलं, इथली एक मराठी बाई ड्रॉप घे म्हणतेय. मग बाबा म्हणाले, "परक्या मुलखात आपला माणूस पहिल्याच भेटीत इतकी काळजी करायला लागला, तर आधी त्याचं त्यात काय आहे ते बघ." माझी रूममेट स्वाती पुण्याची, माझ्याआधी एक वर्ष आलेली. तिने तर हसूनच सांगितलं, "अगं, त्या लॅबच्या कोर्सला पोरं मिळत नाहीत. सीटा भरायच्यात त्यांना. तू जाऊ नकोस हं."

झालं. मी हटूनच बसले. तुम्ही कॉरिडॉरमध्ये दोनदा थांबवलंत, "काय ठरलं?" मी म्हटलं, "काही नाही." तो शुक्रवार गेला. पुढे प्रोग्रॅमिंगने माझं जे काही केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. सेमिस्टर संपलं आणि मी नापास झाले. जन्मात पहिल्यांदा. तो नापासाचा शेरा आजही माझ्या मार्कशीटवर आहे. नोकरीच्या प्रत्येक इंटरव्ह्यूला कुणी ना कुणी त्यावर बोट ठेवतं, आणि मी प्रत्येक वेळी तेच गुळमुळीत उत्तर देते.

एक वाक्य जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं? "इथे ड्रॉप म्हणजे तिकडचा ड्रॉप नव्हे, माधवी." एवढंच. इतक्या पोरांना सल्ले दिलेत, प्रत्येकाला हा शब्द सांगितला असणार. त्यातल्या कुणाचाच चेहरा तुमच्यासमोर पांढराफटक पडला नाही?

नापास झाल्यावर मी पुन्हा तुमच्या दारात आले. "मी सांगितलं होतं ना" असं तुम्ही म्हणाल म्हणून कंबर कसून आले होते. तुम्ही म्हणाला नाहीत. चहा मागवलात, ग्रॅहमला फोन केलात आणि पुढच्या सेमिस्टरला मला त्याच्या वर्गात बसवलंत. मी विचारलं, "ताई, तुम्हाला यात काय मिळतं?" तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला? तुझा हा प्रश्न." आणि हसलात. अशा उत्तराने कुणाचं समाधान होतं का?

आता काय म्हणायचं, बरं चाललं. लॅब जमली. दूध कंपनीत लागले. कायम राहायला पीआर मिळाली, लग्न झालं, सावी झाली. बाबा अजून नातेवाइकांना सांगतात, मुलगी परदेशात "कंपनीत" आहे. दूध तपासते असं म्हणत नाहीत. तुमच्या घरी गणपतीला दरवर्षी आले, मोदक खाल्ले, पण मनात तो एक प्रश्न सारखा टोचत राहिला. माझं भलं पाहिलंत, की कोर्स वाचवलात? तुम्हाला पाहून सगळे "ताई म्हणजे देवमाणूस" म्हणायचे, आणि मी गप्प बसायचे. माझ्या गप्प बसण्याचा तुम्हाला कधी राग आला का?

फ्युनरलनंतर मला राहवेना. गेल्या रविवारी तुमच्या घरी गेले. काका एकटेच होते, बागेतली लिंबं काढत होते. मी इकडचं तिकडचं बोललेच नाही. सरळ विचारलं, "काका, ताई ग्रॅहमसाठी सीटा भरायच्या?"

"भरायची की," काका म्हणाले. अगदी सहज. "त्यात लपवायचं काय? कोर्स बंद झाला असता तर तू कुठे गेली असतीस?"

"पण मग आम्हाला तसं सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

मग लिंबाची टोपली खाली ठेवून ते म्हणाले, "तुझं तर मला चांगलं आठवतं. त्या दिवशी घरी येऊन मीना म्हणाली, आज एक पोरगी आली होती, दुधाचा वास घेऊन ते परत करणारी. माझ्यावर तर तिचा काडीचा विश्वास नाही. अशीच माणसं लॅबला लागतात. बाकीची पोरं यंत्राने आकडा दाखवला की घरी जातात, ही जाणार नाही."

ताई, मी गाडीत येऊन बसले आणि रडले. खूप रडले. सगळं आयुष्य ज्या स्वभावावरून बोलणी खाल्ली, आईची, सासूची, नवऱ्याची, तोच तुम्ही पहिल्या भेटीत हेरलात आणि कामाला लावलात. आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत.

पण घरी पोचेपर्यंत माझं डोकं पुन्हा सुरू झालंच. काकांनी हे मला बरं वाटावं म्हणून तर रचलं नाही? इतक्या वर्षांपूर्वीचं एका मुलीबद्दलचं बोलणं कुणाला आठवतं? तुमच्याकडे आलेल्या प्रत्येकासाठी काकांजवळ अशी एकेक गोष्ट तयार असेल का? पण दुधाचं मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. स्वातीलासुद्धा नाही. म्हणजे निदान तेवढं तरी तुम्ही घरी जाऊन बोलला असणार.

आता माझं ऐका. लॅबमधली वरची जागा रिकामी होतेय. ती डिग्रीशिवाय मिळत नाही, म्हणून मी नोकरी सांभाळून पेपर घेतेय. स्टॅट्स मला झेपत नाहीये. सोडला तर डिग्री वर्षभर लांबणार आणि ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार. ठेवला आणि नापास झाले, तर आधीच्या शेऱ्याखाली दुसरा शेरा.

तुमच्या खुर्चीत आता एक तरुण मुलगा बसतो. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, स्वभावाने गोड. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टोटली अप टू यू." मी म्हटलं, पण तुला काय वाटतं? "स्वीट अ‍ॅज आयदर वे." म्हणजे कसंही चालेल. दार उघडंच होतं. त्याच्यावर संशय घ्यायला काही जागाच नाही, ताई, कारण माझं काहीही झालं तरी त्याचं काही अडत नाही. तुमचं अडत होतं. तुम्हाला मी त्या वर्गात टिकायला हवी होते, नाहीतर वर्ग बुडाला असता. हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय.

मग मीच माझी झाडाझडती घेतली. दमलेय म्हणून सोडतेय, की घाबरलेय म्हणून? उत्तर मिळालं. गेली असाइनमेंट मी दुसऱ्यांदा न तपासता पाठवून दिली. सावीला ताप होता, कामावर दोघी रजेवर होत्या, आकडा आला तसा लिहिला आणि मोकळी झाले. तुम्ही ज्या मुलीला निवडलंत ती असं करत नाही. ती मुलगी मला वरच्या जागेपेक्षा जास्त हवी आहे. जागा जाईल. वाईट वाटेल, खूप वाटेल.

तर तुम्हाला शब्द देते. शुक्रवारी मी पेपर ड्रॉप करीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेईन. संध्याकाळी बाबांना फोन करीन आणि तोच शब्द वापरीन. ते विचारतील, आता कोण बाई म्हणाली? मागे कॉम्प्युटर सोडून लॅबला गेले तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं होतं, त्याचा राग ते अजून धरून आहेत. या वेळी सांगीन, कुणी नाही, मीच. आणि मग तुमचंही सांगून टाकीन. की बाबा, त्या बाईला सीट भरायची होती, आणि तिला मीही कळले होते, आणि यातलं एकही खोटं नाही. त्यांना पटणार नाही. फोन ठेवतील. मी पुन्हा लावीन.

तुम्हाला कधीही देवमाणूस न म्हणालेली,

तुमची
माधवी